आबांच्या फेट्याची नाभी

माझ्या सासुरवाडीला मला 'बुरशीवाले जावई' म्हणतात. (जवळचे लोक नुसतंच 'बुरशी' म्हणतात.)

हे बिरुद मला फुकट मिळालेलं नाही. त्यासाठी मी एक नवा कॅमेरा, एक जुनी लेन्स, सासऱ्यांचा ठेवणीतला फेटा आणि साताऱ्यापासून सांगलीपर्यंत जी काही होती ती अब्रू, एवढं सगळं पणाला लावलेलं आहे.

मी साताऱ्यात एका शाळेत विज्ञान शिकवतो. त्यातही प्रकाशाचा धडा हा माझा खास प्रांत! बहिर्वक्र भिंगातून उन्हाची किरणं एका बिंदूत गोळा होतात, त्या बिंदूला नाभी म्हणतात आणि नाभीवर कागद धरला तर तो पेटतो, हा प्रयोग मी दर वर्षी मैदानावर करून दाखवतो. (कागद आजवर एकदाही पेटलेला नाही. एकदा ढग आले, एकदा वारा आला, एकदा मुख्याध्यापक आले.) तर अशा माणसाने डिजिटल कॅमेरा घेतला, यात नवल काहीच नव्हतं.

कॅमेऱ्याबरोबर आलेली लेन्स फार हुशार होती. बटण अर्धं दाबलं की स्वतःच चेहरा शोधायची, चेहऱ्यातला डोळा शोधायची, फोकस लावायची आणि 'टिक' करून आपल्याला कळवायची. इतकी हुशार वस्तू हातात असली की माझ्यासारख्याला करण्याजोगं काही उरत नाही. (ती सवय मला घरात सुजातामुळे आहे. सुजाता म्हणजे माझी बायको.) पण कॅमेऱ्याच्या बाबतीत माझा पुरुषार्थ जागा झाला. त्यात मोबाइलवर एक दाढीवाला तज्ज्ञ सांगत होता, की नव्या लेन्सना आत्मा नसतो. आत्मा हवा तर जुनी, हाताने फिरवायची, पूर्वीच्या रिळाच्या कॅमेऱ्याची लेन्स घ्या. मधे एक रिंग बसवली की ती नव्या कॅमेऱ्यालाही लागते. झालं! मी आत्म्याच्या शोधात बाहेर पडलो.

तो मला राजवाड्याजवळ मिळाला. तिथला एक जुना फोटो स्टुडिओ बंद होत होता आणि मालक सामान काढत बसले होते.

"सर, ही घ्या," ते म्हणाले. "वयानं तुमच्यापेक्षा मोठी हाय. दोनदा पडली, पण काय झालं न्हाई."

लेन्स लोखंडी आणि वरवंट्याइतकी जड होती. मी ती उजेडात धरली. "आत काहीतरी पांढरं जाळं दिसतंय."

"बुरशी हाय जराशी. फोटोत येत न्हाई."

मी ती छातीशी धरून घरी आणली. सुजाताने एकवार लेन्सकडे पाहिलं, एकवार माझ्याकडे.

"हिचा फोकस कसा लागतो?"

"हाताने लावायचा. ही रिंग फिरवून."

"आणि आधीची लेन्स आपोआप लावायची?"

"हो."

"म्हणजे नवा कॅमेरा घ्यायचा आणि त्याला जुना करायचा!"

"तुला नाही कळायचं. हिची गंमत वेगळीच आहे. हिच्यातून माणूस तेवढा स्पष्ट येतो. मागची नको ती अडगळ आपोआप धूसर होते!"

हे वाक्य मी त्या आठवड्यात घरात, शाळेत, जिन्यात भेटेल त्याला ऐकवलं. ते पुढे माझ्याच अंगावर येणार आहे याची तेव्हा सुतराम कल्पना नव्हती.

प्रत्यक्षात माझे पहिले फोटो जरा वेगळे आले. सुजाताचा फोटो काढला, त्यात तिचा डावा कान असा काही अप्रतिम आला होता की कुडीच्या फिरकीचे आटे मोजून घ्यावेत. बाकीची सुजाता धुक्यात होती.

"कान छान आलाय," ती म्हणाली. "आता उरलेली मी कधी काढणार?"

"सराव लागतो याला!" मी म्हणालो. तो मी केला नाही, हे सांगायला नकोच.

आता मुद्द्याची गोष्ट. माझे सासरे, म्हणजे आबा, मूळचे रहिमतपूरकडचे. घरची ऊसशेती भावांवर सोपवून फौजेत गेले, सुभेदार होऊन परतले आणि सांगलीत घर बांधून राहिले. मिशी अजून ड्यूटीवर असल्यासारखी. आवाज असा, की त्यांनी घरात 'पाणी' म्हटलं की शेजारी तांब्या भरतात. त्यांची पंच्याहत्तरी जवळ आली होती. त्यानिमित्त सासूबाईंनी एकच मागणं मागितलं होतं.

"मला ह्यांच्यासंगं एक फोटू पायजे. दोघांचा. बास."

त्याचं असं आहे, की या दोघांचा जोडीने काढलेला एकही धड फोटो नाही. लग्न औंधला, यमाईच्या डोंगराखाली झालं. त्यातला एकुलता एक फोटो घरात आहे. त्यात आबा आहेत, अंतरपाट आहे आणि सासूबाईंच्या चेहऱ्याच्या जागी अक्षता टाकणाऱ्या एका उत्साही मामांचा कोपर आहे. पुढे आबा सीमेवर, सासूबाई घरी. नंतर पोरांचे फोटो, नातवंडांचे फोटो. या दोघांचा राहिला तो राहिलाच. सासूबाई पन्नास वर्षं त्या मामांच्या कोपराकडे बघत आल्या होत्या.

म्हणून सुजाताने सांगलीतला एक चांगला फोटोग्राफर ठरवला होता. तो मी फोन करून रद्द केला.

"घरात कलाकार असताना बाहेरचा माणूस कशाला?" मी म्हणालो.

सुजाताने फक्त कानातली कुडी चाचपली.

कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी आम्ही सांगलीला पोचलो. चहा आणि भडंग समोर आलं आणि मी पिशवीतून लेन्स काढून आबांच्या हातात दिली. मग मला राहवेना.

"आबा, सगळा खेळ नाभीचा आहे!"

"कशाचा?"

"नाभीचा. भिंगाची नाभी. ती सापडली की काम फत्ते!"

आबांनी लेन्स उलटीसुलटी करून पाहिली. "नाभी म्हंजी बेंबीच न्हवं?"

"हो. म्हणजे नाही. पुस्तकात तसा शब्द आहे."

"भिंगाला बेंबी! आन असलं पोरास्नी शिकवता व्हय तुमी?" आबांनी लेन्स डोळ्याला लावली. "आत काय हाय हे पांढरं?"

"थोडी बुरशी आहे. पण फोटोत येत नाही."

नेमक्या याच क्षणी सासूबाई भडंगाची दुसरी बशी घेऊन आल्या. 'बुरशी' हा शब्द त्यांनी ऐकला आणि त्यांचा चेहराच बदलला. ज्या बाईने उभ्या आयुष्यात लोणच्याला, पापडाला, बेदाण्याला बुरशीचा ठिपका लागू दिला नाही, तिच्या घरात जावई पिशवीतून बुरशी घेऊन आला होता! लेन्सकडे त्या दोनदा रोखून बघून गेल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी हार आणायला बाजारात गेलो. परत आलो तर ऊन चांगलंच तापलं होतं. कॅमेरा जागेवर होता. लेन्स नव्हती!

"आई, माझी लेन्स पाहिलीत का?"

"व्हय की." सासूबाई निवांत खोबरं किसत होत्या. "गच्चीवर हाय. ऊन दाखवाय ठिवलीया."

"ऊन?"

"आवं बुरशी न्हवं का आली हुती? ऊन दाखवलं की मरतीया. झाकण काढून ठिवलंय, आत पातूर ऊन जायाला पायजे."

"कशावर ठेवलीत?" मी जिन्याकडे वळत विचारलं.

"काचंचं सामान, चरा जाईल म्हणून मऊ बघून ठिवलं. ह्यांचा फेटा वाळत घातलाय न्हवं, त्याच्या घडीवर. आन खालनं वारा लागाय पायजे म्हणून तीन सुपाऱ्यांवर."

मी जिना चढलो की उडालो, आठवत नाही. मागोमाग सुजाता, तिच्यामागे हातात खोबऱ्याची वाटी घेऊन सासूबाई. गच्चीवर एका बाजूला कुरडया, एका बाजूला पापड आणि मधोमध मानाच्या जागी, भगव्या फेट्याच्या घडीवर, तीन सुपाऱ्यांच्या आसनावर माझी लेन्स सूर्याकडे तोंड करून बसलेली. तिच्याखालून एक बारीक, निळसर, शिस्तीत वर जाणारी धुराची रेघ निघाली होती.

इथे मला एक गोष्ट नमूद केलीच पाहिजे. त्या सुपाऱ्यांची उंची अशी काही बरोबर जमली होती, की फेटा नेमका नाभीवर आला होता. मैदानावर इतकी वर्षं कागद धरून मी जो प्रयोग करत आलो, तो पहिल्यांदाच यशस्वी झाला होता! त्या लेन्सचा फोकसही माझ्या मालकीत आल्यापासून पहिल्यांदाच अचूक लागला होता. क्षणभर मला अभिमान वाटला. मग मला तो फेटा कुणाचा आहे हे आठवलं.

मी लेन्स उचलली. सुजाताने तांब्यातलं पाणी घडीवर ओतलं. (तांब्या कुठून आला हे विचारू नका. माझी बायको आहे ती.) सुंईऽऽ असा आवाज झाला.

"भोक पडलं वाटतं," सासूबाई म्हणाल्या.

"एकच आहे," मी धीर दिला. "लहान आहे."

सुजाताने घडी उलगडली. एक थर उलगडला, भोक. दुसरा उलगडला, भोक. ती उलगडत गेली आणि भोकं येत गेली. जितक्या घड्या तितकी भोकं, आणि तीही शाळेत पट्टीने मापून पाडावीत अशी समान अंतरावर!

"आता?" मी विचारलं.

"आता तुम्हीच सांगा आबांना," सुजाता म्हणाली. "सगळा खेळ नाभीचा आहे म्हणावं."

खालून आबांचा आवाज आला. "माझा फेटा वाळला का न्हाई गं?"

शेजारच्या गच्चीवरून कुणीतरी घाबरून "वाळला, वाळला!" म्हणालं.

आबा स्वतःचा फेटा स्वतः बांधतात. त्यांच्या फेट्याला दुसऱ्याने हात लावलेला चालत नाही. म्हणजे फेटा हातात पडला की पहिल्याच वेढ्याला भोक, आणि दुसऱ्याला मी. सासूबाईंनी एकदा फेट्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. मग पदर खोचला.

"चला. मी बगती."

खाली जाऊन त्या सरळ आबांच्या पुढे उभ्या राहिल्या. "आज फेटा मी बांधणार."

आबा चपापले. "तू? का?"

"माझी हौस. पन्नास वर्सं तुमीच बांधताय. आज फोटू हाय आपला. बसा खुर्चीवर."

फौजेतला सुभेदार गुमान खुर्चीवर बसला. हातात आरसा घेतला, आणि खरं सांगतो, मिशीखाली चक्क लाजला. सासूबाई मागे उभ्या राहिल्या. फेट्याची शेव ताणून धरायला मला मागे, पार कपाटाला टेकवून उभं केलं. गळ्यात कॅमेरा, अंगात ठेवणीतला पांढरा झब्बा, दोन्ही हातांत शेव. सुजाता समोर मोबाइल घेऊन बसली.

आणि मग सासूबाईंनी जे काही केलं ते मी जन्मात विसरणार नाही. वेढा घ्यायचा, भोक आलं की अंगठ्याने दाबायचं, वरून दुसरा वेढा, भोक गडप! पुन्हा वेढा, पुन्हा भोक, पुन्हा गडप! मी मागे श्वास रोखून शेव सोडत पुढे सरकतोय, पुन्हा मागे होतोय.

"आवं, मान हलवू नगा."

"तू लय वढतीस."

"घट्ट नको व्हय? सुटला म्हंजी?"

"एवडा वेळ लागतोय व्हय गं?"

"पन्नास वर्सांचा बॅकलॉग हाय," सासूबाई म्हणाल्या. (हा शब्द त्या कुठे शिकल्या देव जाणे.)

शेवटचा वेढा आला. आणि शेवटचं भोक आलं ते बरोबर मधोमध, कपाळावर! त्याच्यावरून घ्यायला वेढाच उरला नव्हता. सासूबाईंनी घाईने आतून अंगठा लावला. अंगठा भोकात शिरला आणि पलीकडून बाहेर आला.

आबांनी आरशात पाहिलं. आरशात फेटा होता, आणि फेट्यातून एक अंगठा त्यांच्याकडे बघत होता.

"हे काय हाय?"

अंगठा हळूच आत गेला. भोक राहिलं.

"जावईबापू!"

"बुरशी..." मी म्हणालो.

"माझ्या फेट्याला बुरशी?"

"नाही, लेन्सला. ऊन... सुपाऱ्या... आबा, ती नाभी आहे!"

आबांनी आरसा जवळ घेतला. भोकाकडे निरखून पाहिलं. मी डोळे मिटले. आणि एकदम आवाज आला तो गडगडाटी हसण्याचा!

"आगं, फेट्याला बेंबी पाडली की जावयानं!"

सासूबाईंना इतका वेळ दाबून धरलेलं हसू फुटलं. "जावयानं न्हाई वो, मी! मीच ऊन दाखवलं!"

"सबंद नोकरीत गोळी लागली न्हाई," आबा डोळे पुसत म्हणाले, "आन पंच्याहत्तरीला बायकोनं कपाळात घातली!"

सासूबाई त्यांच्या खांद्यावर हात टेकून हसत होत्या. आबा मान मागे टाकून त्यांच्याकडे बघत हसत होते. मला कळलं, की हाच तो फोटो! मी शेव सोडली, कॅमेरा उचलला, रिंग फिरवली. उजवीकडे धूसर. डावीकडे धूसर. पुन्हा उजवीकडे. फोकस लागेपर्यंत हसणं संपून दोघं चहा मागत होते.

तरी मी हिंमत हरलो नाही. लेन्सवर पाणी पडलं नव्हतं, काच शाबूत होती, बुरशीही शाबूत होती. दुपार कलल्यावर अंगणात दोघांना शेजारी उभं केलं आणि मन लावून फोटो काढले. आबांनी भोक झाकायला साफ नकार दिला होता. येईल त्या पाहुण्याला ते फेट्याची बेंबी दाखवत होते.

संध्याकाळी हारतुरे झाले, जेवणं झाली आणि पाहुण्यांनी गलका केला. फोटो दाखवा! मी ऐटीत कॅमेरा टीव्हीला जोडला. सासूबाई सगळ्यांत पुढे, जमिनीवरच बसल्या.

पडद्यावर पहिला फोटो आला. भोक. काय भोक होतं महाराजा! जळलेल्या कडेचा धागा न् धागा दिसत होता. आणि त्याखाली दोन धूसर, गोल, आनंदी आकार उभे होते. दुसरा फोटो लावला. भोक. तिसरा, भोक. त्या घरात सकाळपासून सगळ्यांचं लक्ष त्या भोकाकडे होतं, तसंच माझंही होतं, आणि मी प्रत्येक वेळी इमानेइतबारे नाभीवर फोकस लावला होता.

सासूबाईंनी पडद्याजवळ जाऊन पाहिलं. हळूच विचारलं, "ह्यातली मी कंची?"

मला खरंच रडू यायच्या बेतात होतं. त्या मामांचा कोपर बरा म्हणायची वेळ मी आणली होती. पाहुणे हसायचे थांबले. आबासुद्धा मिशी चाचपत छताकडे बघू लागले.

तेव्हा सुजाता उठली. माझ्या हातातली वायर काढून तिने आपला मोबाइल टीव्हीला जोडला, आणि पडद्यावर तो फोटो आला. खुर्चीवर आबा, मान मागे टाकलेली. मागे सासूबाई, एक हात त्यांच्या खांद्यावर, दुसरा अजून फेट्यावर. दोघंही खदखदून हसताहेत आणि एकमेकांकडे बघताहेत. एकूण एक सुरकुती स्पष्ट! मधे कुणाचाही कोपर नाही.

सासूबाईंनी पदराने डोळे पुसले. "हां," म्हणाल्या. "ही मी. आन हे ह्ये."

आबांनी घसा खाकरला. मग त्यांची सुभेदारी नजर पडद्याच्या कोपऱ्याकडे गेली.

"सुजे, त्ये मागं काय हाय गं? पांढरं-पांढरं?"

सासूबाईंनी पुढे होऊन निरखून पाहिलं. अगदी पापड निरखतात तसं.

"बुरशी हाय," त्या म्हणाल्या.

"नाही गं आई," सुजाता म्हणाली, "ते हे आहेत. शेव धरून उभे होते." आणि माझ्याकडे वळून गोड हसली. "मागची नको ती अडगळ आपोआप धूसर होते ना हो?"

तो फोटो आता सांगलीच्या घरात भिंतीवर आहे. आबांनी तो बघायला येणाऱ्या प्रत्येकाला बुरशी कुठे आहे तेही बोट ठेवून दाखवायचा परिपाठ ठेवलाय. जुनी लेन्स मी कपाटात टाकली. सासूबाईंचं मात्र माझ्यावर बारीक लक्ष असतं. उन्हाळ्यात सांगलीला गेलो की पहिला चहा होतो न होतो तोच त्या म्हणतात, "जावईबापू, जरा गच्चीवर बसा, वाळवण राखा." गच्चीवर कावळा नाही, चिमणी नाही, कधीकधी तर वाळवणही नसतं. पण मी मुकाट्याने जाऊन बसतो. ऊन कुणाला दाखवायचंय ते मला माहीत आहे.